गाठी पक्क्या होण्याआधी

मंदा गेली हे मला भद्रावतीहून चंद्रपूरला येणाऱ्या बसमध्ये कळलं. तिच्या भावाचा फोन होता. "बाई, मंदाताई गेली... हार्ट अटॅक. दवाखान्यात नेता नेताच." कंडक्टर समोर उभा होता आणि कुठं उतरायचं ते मला सांगता येईना. त्याला आता सहा आठवडे झाले.

सिंदेवाहीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही बावीस वर्षं बरोबर शिकवलं. ती रसायनशास्त्र, मी मराठी. मूळची ती धानोऱ्याकडची. नोकरी लागली तरी उन्हाळा लागताना आईबरोबर मोहफुलं वेचायला जाणं तिनं सोडलं नव्हतं. अशाच एका सकाळी झुडपातून अस्वल निघालं आणि आईवर धावलं. मंदा मध्ये पडली. आई वाचली, मंदाच्या उजव्या हाताचा पंजा फाटला.

चंद्रपूरला दोन ऑपरेशनं झाली. जखम भरत आली तशी बोटं आत वळू लागली. मूठ पुन्हा उघडेल याची खात्री डॉक्टरही देईनात. धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "जखम भरली ना मंदा, झालं आता." तशी ती पलंगावर उठून बसली. "भरली म्हणजे झालं नाई. खरं काम आत्ता सुरू झालं." आणि मराठीच्या बाईला तिनं तिथंच शिकवायला घेतलं. पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे बनवतात आणि स्वतःच्या बाहेर सोडून देतात. ते नुसते शेजारी शेजारी पडलेले असतात, त्यांच्यात जोर नसतो. मग तिथं, पेशीच्या बाहेरच, एक विकर म्हणजे एन्झाइम कामाला लागतं. त्याला तांब्याचा एवढासा कण लागतो. धाग्यावरच्या ठरावीक जागी ते थोडा रासायनिक बदल करतं, बस्स. मग ती जागा शेजारच्या धाग्याला जाऊन जोडली जाते. असे हजारो धागे एकमेकांना बांधले गेले की कातडीला बळ येतं. "महिनोन्महिने चालते हे," ती म्हणाली. "माझी बोटं सरळ आहेत का वाकडी, त्याले काय माहीत? जशी सापडली तशी बांधून टाकते. म्हणून गाठी पक्क्या व्हायच्या आधी हात उघडला पाह्यजे."

फिजिओथेरपीचे व्यायाम आम्ही दोघी शिकलो. रोज संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन एकेक बोट सरळ करायची. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, पण मी थबकले की ओरडायची, "थांबली काऊन तू?" एकदा मलाच ते बघवेना, मी ओसरीत जाऊन रडत बसले. तिची आई आली. माझ्या हातात पाण्याचा गिलास दिला नि म्हणाली, "तिनं मले सोडलं नाई बाई. तू तिले सोडू नोको." मी आत गेले.

प्राचार्यांनी भल्या मनानं ऑफिसातलं काम देऊ केलं. "फळ्यावर लिहिता आलं की येतो सर," एवढंच ती बोलली, आणि सात महिन्यांनी आली. पहिल्या तासाला खडू दोनदा पडला. मुलं उचलायला उठली तर "बसा" म्हणाली, वाकून स्वतः उचलला... आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत धड्याचं नाव लिहिलं. करंगळी मात्र शेवटपर्यंत सरळ झाली नाही. त्याचं तिला काही वाटायचं नाही.

त्यानंतर कुणाचा हात भाजला, कापला असं कळलं की बोटांचे व्यायाम करून घ्यायला रविवारी एसटीनं ती त्या घरी पोचायची. गेल्या महिन्यात मी तिच्या खोलीत गेले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारांखाली नाव होतं: रुखसाना. ही नवरगावच्या रस्त्यावर कपडे शिवणारी बाई. उकळत्या तेलानं तिचा तळहात भाजलेला. मी पत्ता शोधत गेले. "मॅडम तो गये ना... मग तुमी कोण?" तिनं दारातूनच विचारलं. मी मैत्रीण आहे म्हटल्यावर तिनं हात पुढं केला.

परवा त्या हातात कात्री बसली. रुखसानानं कापडाचा एक सरळ तुकडा कापून माझ्यापुढं धरला. ते कॅलेंडर मी आता माझ्या घरी आणून लावलंय. डिसेंबरपर्यंतचे सगळे रविवार मंदानं भरून ठेवलेत.