साडूंचा एकसंध ई ड्राइव्ह

आमच्या थोरल्या साडूंइतका तुकड्यांचा हाडवैरी उभ्या बीड जिल्ह्यात दुसरा नाही. साबणाची झिजलेली चिपटी ते नव्या वडीला इतक्या निगुतीनं चिकटवतात, की पाटोद्याच्या त्यांच्या घरात साबण संपल्याचं कुणाला आठवत नाही. फोन मध्येच तुटला, तर पुन्हा लावून ते पहिल्या रामरामापासून सुरुवात करतात. मग तुमचं बोलणं ‘बरं, ठेवतो’पर्यंत आलेलं असलं, तरी सगळ्या घराची खुशाली नव्यानं सांगायची. चतकोर भाकरी ताटात आलेली त्यांना खपत नाही. भूक असो नसो, अख्खी घेतात, आणि उरलेली कुणी खायची यावरून आक्काशी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी, त्यांचं रोज वाजतं.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं. साडू जमीनमोजणी खात्यात होते. भावाभावांच्या वाटण्या मोजून द्यायच्या आणि बांधावर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, यात हयात गेली. “कायदा तुकडे जोडायचा, पाव्हणं, आन् आमी जलमभर तुकडे पाडले,” असं ते चहा पिता पिता सांगतात, आणि मग चहा गोड लागत नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं नवऱ्याबरोबर बंगळुरूला जाताना आपला जुना कॉम्प्युटर त्यांना देऊन टाकला. त्यात एक दिवस साडूंना डिफ्रॅगमेंट नावाची चीज सापडली. कॉम्प्युटर एकच फाइल जागा मिळेल तिथं तुकड्यातुकड्यांनी ठेवतो, आणि हा प्रोग्रॅम ते तुकडे हुडकून शेजारीशेजारी आणून बसवतो, हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. पडद्यावर चौकोनांचा नकाशा. लाल म्हणजे विस्कटलेलं, निळं म्हणजे नीट बसलेलं, पांढरं म्हणजे रिकामं. मला बोलावून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “बघा! कुनी कोर्टात गेलं न्हाई, कुनी कुऱ्हाड उचलली न्हाई, आन् लाल गपगुमान निळं व्हायलंय!”

तेव्हापासून डिफ्रॅग चालू असलं की घरात संचारबंदी. मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही, टेबलाजवळून जायचं तर चवड्यांवर. एकदा ऐन रंगात मला शिंक आली, तर कुणाच्या बांधावरचा दगड मी सरकवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मध्येच वीज जाऊ नये म्हणून ते लाइनमनला दरवर्षी आग्रहानं हुरड्याला बोलावतात. सख्ख्या साडूला मात्र हुरडा संपत आल्यावर कळतं.

एवढं करूनही नकाशा कधी पुरता निळा होईना. दोन-चार चौकोन पांढऱ्याच्या मधोमध ठाण मांडून बसलेले असत, काही केल्या हलत नसत. “ह्ये अतिक्रमन हाय,” साडूंचा निकाल. मग पूर्ण डिफ्रॅग करणाऱ्या सॉफ्टवेअरचा शोध सुरू झाला. एक सॉफ्टवेअर उतरवलं, त्यानं वजन घटवायच्या जाहिराती आणून बसवल्या. दुसऱ्याची लिपी कुणालाच वाचता येईना. साडू ते अंदाजानं दाबत राहिले. तिसरं म्हणे सगळं काम करील, पण आधीची दोन्ही काढा. आणि ती दोन्ही निघता निघेनात. मी एकदा न राहवून म्हणालो, “साडूभाऊ, कशाला एवढा त्रास? कॉम्प्युटर चालतोय ना?”

“चालायला काय, फाटक्या चपलीतबी चालता येतं,” ते म्हणाले.

शेवटी एक सापडलं. ते कॉम्प्युटर पुरता जागा व्हायच्या आतच काम उरकून घ्यायचं, त्यामुळे अतिक्रमणवाल्यांना सावध व्हायला सवड मिळाली नाही. कॉम्प्युटरच्या तीन कप्प्यांपैकी शेवटच्या, ई ड्राइव्हवर एक सलग निळी पट्टी, मध्ये फट नाही, पुढं सगळं पांढरंशुभ्र. साडूंनी गल्लीत पेढे वाटले. नारायणगडाला निघालेल्या मंडळींना चहाला थांबवून त्यांनी आधी इथलं दर्शन घडवलं, आणि कुणीतरी खरंच हात जोडले.

आता हा नकाशा बिघडू नये म्हणून साडूंनी ई ड्राइव्हमध्ये काहीही ठेवायला बंदी घातली. इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. बंगळुरूची नात आजीआजोबांना दिवाळीपुरती दिसते. बाकी वर्षभर ती आक्काच्या फोनवर मोठी होते. तो फोन भरला. सी आणि डी तर आधीच ठासलेले. ई रिकामा, पण आक्कानं विषय काढला की साडूंचं एकच उत्तर, “तितं कायबी ठिवायचं न्हाई. नकाशा बिघडंल.” मग नवा व्हिडिओ आला की जुना एक पुसायचा, अशी पाळी आली. आक्का आधी लोकांच्या बारशाचे, गुड मॉर्निंगचे पुसत होती. ते संपले.

मागच्या महिन्यात मी गेलो, त्या दुपारी मुलीनं नवा व्हिडिओ पाठवला होता आणि तो काही फोनमध्ये उतरेना. साडू कॉम्प्युटरसमोर आपली निळी पट्टी न्याहाळत बसले होते. आक्का शेजारी येऊन उभी राहिली.

“आवो, कंचं काढू? पयलं पाऊल टाकलेलं, का तुमाला आबा म्हनलेलं?”

साडूंनी माउस उगाच इकडून तिकडे सरकवला.

“तुमीच बोट ठिवा. माझ्यानं व्हईना.” तिनं फोन त्यांच्यापुढं धरला.

साडूंनी फोन हातात घेतला. मग ड्रॉवरमधून वायर काढली, फोन जोडला आणि नातीचे सगळे व्हिडिओ, मागचा पुढचा विचार न करता, फोनमधून काढून ई ड्राइव्हमध्ये ओतले. सवयीनं त्यांनी नकाशा उघडला. नवे चौकोन निळ्या पट्टीला लागून बसलेच नव्हते. ते दूर, पांढऱ्याच्या मधोमध जाऊन पडले होते, दोन-तीन तर लालही होते. मला त्यांची दया आली.

“लावायचं का तुमचं ते सॉफ्टवेअर?” मी हळूच विचारलं. “पट्टीजवळ आणून बसवील.”

“नगं,” साडू म्हणाले. “लांब बसली तर बसू द्या. हाय ना आपल्याच हद्दीत.”

आक्कानं पदर डोळ्यांना लावला. हा माणूस मला त्या घटकेला फार आवडला. फोनमध्ये आता जागा झाली होती. नवा व्हिडिओ उतरला, तोही ईत गेला, आणि साडूंनी तो मोठ्या पडद्यावर लावला. नात कुठल्याशा बागेत पळत होती. पळता पळता ती पडद्याच्या कडेबाहेर जायची, आणि प्रत्येक वेळी साडू मान वाकडी करून ती पुढं कुठं दिसते का, ते बघायचे.