विमानाच्या पंखावरची हळद

पहिल्या महायुद्धातलं, एकावर एक दोन पंखांचं लढाऊ विमान मी मापाबरहुकूम छोटं करून बांधत होतो. निवृत्तीनंतर कोथरूडमधले लोक सकाळी टेकडी चढतात आणि संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. मला दोन्हीचा कंटाळा. विमान जेमतेम दीड वीत, पण आत वैमानिकाची वेताची खुर्ची, तिचा कातडी पट्टा, घड्याळांवरचे काटे, सगळं होतं. पंखांना मळकट पांढरा रंगही देऊन झाला होता. राहिल्या होत्या फक्त दोन पंखांमध्ये ताणायच्या तारा. त्यासाठी केसासारखा बारीक नायलॉनचा दोरा आणून ठेवला, आणि मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला.

वापराल तेवढा हात परत येईल, असं डॉक्टर म्हणाले आणि दाबायला एक चेंडू दिला. उभा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला मी पोरासारखा चेंडू दाबत बसायचो. चमचा धरता आला तर घरात कोण कौतुक! एकदा चिमटा धरून पाहिला, तो गळून पडला. मी हत्यारं खणात टाकली आणि आता हे पुरे म्हणून जाहीर करून टाकलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. हात एवढाच राहणार असेल, तर ते मला कळायला नको होतं.

खंडेनवमीला बायकोने ती हत्यारं काढून पुसली आणि पूजेला पाटावर मांडली. निवृत्त हत्यारांचीही पूजा असते का, असं मी विचारलं. तिने शेजारी विमान ठेवलं आणि वरच्या पंखावर हळदीचं बोट टेकवलं. हळद ओली होती, रंगाने ती पिऊन टाकली. मी भडकलो. जगातल्या कुठल्या हवाई दलाच्या विमानावर पिवळा डाग पाहिलास, इथपासून सुरुवात केली.

"पूजेतली हत्यारं आज उचलायची नाहीत," ती म्हणाली. "उद्या दसरा आहे, उद्या बघा."

दिवसभर मी त्या पाटाभोवती घिरट्या घालत होतो. रंग किती पातळ करायचा, कड दिसू नये म्हणून काय करायचं, हेच डोक्यात. कधी एकदा उजाडतंय असं झालं होतं. कित्येक महिन्यांत मला असं झालं नव्हतं.

दसऱ्याला चहाआधीच बसलो. डाव्या हाताने रंग फासला गेला. मग ब्रश उजव्या हातात घेतला, कोपर टेबलावर रोवलं आणि डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं. थरथर थांबली की एक फटकारा, पुन्हा थांबायचं. डाग झाकला गेला. आता बसलोच आहे तर म्हणून चिमटा उचलला. दोरा किती वेळा निसटला, देव जाणे. शेवटी तो भोकातून गेला, मी ओढला आणि तार ताठ उभी राहिली. मला रडू आलं.

बायको चहा घेऊन आली, तेव्हा मी डोळे पुसून कुरकुरलो, की इतकी वर्षं पूजा करतेस, हळद कोरडी लावावी एवढंही सुचलं नाही?

"कोरडी लावली असती तर फुंकर मारून मोकळे झाला असतात," ती म्हणाली.

मी पुढच्या तारेसाठी दोरा मागितला. तो तिने कापूनच ठेवला होता.