लाईट गेली तरी आत्या नाचत होती

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम फिरकी घेत आलोय. लातुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आपोआप चालू झालेलं मशीन म्हणजे माझ्या लेखी लूज वायर. तरी हे लिहितोय... हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

भूकंपाला दहा-बारा वर्षं उलटली होती. त्यात घर गेल्यापासून आत्या आमच्याकडेच, पण छताखाली झोपायची म्हणून नाही. अंगणात पत्र्याच्या शेडखाली तिची बाज. त्या हिवाळ्यात खोकल्यानं बेजार झाली. डॉक्टरांनी मलाच दम दिला — यांना बाहेर झोपवू नका, जिवावर बेतेल. पण आत्या ऐकेल तर शपथ. आमच्या वरच्या मजल्यांवर कोचिंगची पोरं भाड्यानं. "येवढं वझं डोक्यावर घिऊन झोपू व्हय?" म्हणायची.

एका दुपारी माझी धाकटी, रेवा, हॉलमध्ये कॉम्प्युटरवर नाचाचा गेम खेळत होती. जमिनीवर प्लास्टिकची चटई. स्क्रीनवर बाण आला की त्या चौकोनावर ठेक्यात पाय द्यायचा. आत्या उंबऱ्याबाहेरून बघत होती. गावाकडं पंचमीचा फेर तिच्याशिवाय सुरू होत नसे, त्यामुळे चुकलेला ठेका तिला सोसवेना.

"आगं, पाय उशिरा टाकायलीस."

"मग तू ये ना, आज्जी."

आणि आली की हो! पदर खोचला, चटईवर उभी राहिली. सुरुवातीचे बाण हुकले, मग जे पाय बसले... रेवा टाळ्या पिटतेय, आत्या गिरकी घेतेय, मी येड्यासारखा बघतोय. इतक्या वर्षांत आत्याला हॉलच्या मधोमध मी पहिल्यांदाच पाहत होतो. फार आनंद झाला.

गलका ऐकून वरची पोरं खाली आली. त्यातला एक म्हणाला, "काका, लोडशेडिंग चालू हाय. तुमच्याकडं लाईट कशी?"

वर पाहिलं — पंखा थांबलेला. बटणं दाबली, दिवे लागेनात. कॉम्प्युटर थेट भिंतीच्या प्लगवर होता. यूपीएस माझ्याच दुकानात उघडा पडला होता. मी वायर चाचपायला वाकलो.

"हात लावू नगंस," आत्या नाचता नाचता म्हणाली. "गाणं संपू दे."

गाणं संपलं, तिचे पाय थांबले, आणि स्क्रीन काळी झाली.

नंतर मी ते मशीन स्क्रू न् स्क्रू उघडून तपासलं. दुकानातल्या मित्रांनी डोकं लावलं. कारण तेव्हा सापडलं नाही, आजही माझ्याकडे नाही.

आत्या मात्र घामाघूम होऊन तिथंच चटईवर आडवी झाली. बराच वेळ वर स्लॅबकडं बघत राहिली.

"बाळू," म्हणाली, "माझी गोधडी आत आन."