न दिलेली ओ

तिनं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हाही मी ओ दिली नाही.

"हायेस का वो माय?"

मी झुडपाआड वाकून पानं तोडत होते. बिडीच्या तेंदूपत्त्याचे दिवस, लामता गावाजवळचं जंगल. इतकी मोठी, कोवळी, न किडलेली पानं त्या वर्षी पहिल्यांदाच सापडली होती. ओ दिली असती तर आवाजावर सगळ्या बाया आल्या असत्या आणि जागा हातची गेली असती.

जंगलात आमची रीत अशी, की थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक मारायची, बाकीच्यांनी "हौ" म्हणायचं. जिची ओ येणार नाही, तिला शोधायला जायचं. ती मला शोधायला निघाली. वाटेत पिलांसकट अस्वल होतं.

तुमच्याही मोहल्ल्यात अशी एखादी असेल. हाक मारणारी ही माझी शेजारीण. रामपायलीच्या जत्रेत तिची पोरगी दुपारभर हरवली, संध्याकाळी सापडली. पण तेव्हापासून माणूस नजरेआड झालं की हिची हाक सुरू. नवरा संडासात बसला तरी बाहेरून, "हाव का जी?"

तो आतून ओरडायचा, "कुठी जाईन वो! टाक्यात?"

मीही चिडवायचे, "आमाले का वाघ नेते?"

"नेलं तं? मंग मी कोनाले हाक मारू?"

तिला माणूस जाण्याची भीती होती. मला पानं जाण्याची.

किंकाळी ऐकून मी धावले. बायांनी डबे वाजवून अस्वल हाकललं. तिचा एक डोळा गेला होता, गाल लोंबत होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. उरलेल्या डोळ्यानं तिनं मला पाहिलं.

"सापडली वो तू. काहून बोलली नाही?"

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले.

तिनं ते खरं मानलं. पुढे कित्येक वर्षं ती पदरानं अर्धं तोंड झाकून माझ्या दारात यायची आणि मला बहिरी समजून कानाशी ओरडायची. मीही "हळू बोल" कधी म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. तिची पोरगी आल्यागेल्याला मला दाखवत होती, "मौसीनंच वाचवलं आईले. गोदी में घेऊन आनलं."

बायांनी सरकून मला जागा दिली, पाणी दिलं. मी बसले. पाणीही प्यायले.

मी कोणालाही वाचवलं नाही. मी ओ दिली नाही म्हणून अस्वल तिच्या अंगावर आलं. ते सोसून ती जगली.