हलू नका, इमारत हलतेय

"हलू नका, इमारत हलतेय!" हे आमच्या मॅडमचं ठरलेलं वाक्य. गच्चीवर इमारतीचं हलणं मोजणारा सेन्सर ठेवून झाला की त्या जिन्यात डोकं घालून ओरडायच्या. कळव्याच्या एका चार मजली इमारतीत लोकांनी त्यातला फक्त शेवटचा अर्धा भाग ऐकला. पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग रस्त्यावर! एक आजोबा अर्ध्या दाढीला साबण लावून, एक बाई कुकरसकट. मॅडम कठड्यावरून वाकून विचारतायत, "अहो, खाली काय करताय? मला इमारत तुमच्यासकट मोजायचीय!"

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं सांभाळायचो आणि मॅडम तिथे इमारती कशा हलतात यावर संशोधन करायच्या. आता तुम्ही विचाराल, धडधाकट इमारत कशाला हलेल? मीही तेच विचारलं होतं. त्यांनी मला लॅपटॉपवरची रेघ दाखवली. वारा पडलेला, रस्ता शांत, तरी रेघ बारीक थरथरत होती. "प्रत्येक इमारतीची हलण्याची आपली एक लय असते रे. घाबरायचं नाही. हलते म्हणून तर टिकते." लय वर्षागणिक मंद होत गेली, तर मात्र आत काहीतरी सैल पडलंय असं समजायचं.

त्या रेघेवरून त्या वाट्टेल ते ओळखायच्या. "दोन मजले खाली कोणीतरी दोरीच्या उड्या मारतंय. आणि वजन बरंच आहे." मी बघायला गेलो, तर त्या सोसायटीचे सेक्रेटरी हातात दोरी घेऊन घामाघूम. त्यांनी मला पाहून दार लावून घेतलं.

मॅडम देवाधर्माच्या वाटेला जायच्या नाहीत. तरी दसऱ्याला मी सेन्सरला झेंडूचं फूल वाहिलेलं त्यांना चालायचं, अगदी दोन मिनिटं. "झाली ना पूजा? आता फूल काढ, तेच जास्त हलतंय." मग ते यंत्र घेऊन आम्ही डोंबिवलीला त्यांच्या स्वतःच्या इमारतीच्या गच्चीवर जायचो. निवृत्त झाल्यावरही हा नेम चुकला नाही. शेजारी त्याला 'बिल्डिंगचं औक्षण' म्हणायचे. मॅडम दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर एक काकू. दोघींचं कपड्यांच्या दोरीपासून मांजरापर्यंत कशावरूनही वाजायचं. औक्षण हा शब्दही काकूंचाच.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मॅडमनी रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. मग माझ्यावर घसरल्या. "तू सेन्सर नीट टेकवला नाहीयेस." मी तीनदा उचलून ठेवला. चूक माझीच निघावी असं मला मनापासून वाटत होतं. तीनही वेळा तेच. इमारतीची लय मागच्या वर्षीपेक्षा चांगलीच मंदावली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळमजल्यावरचा एकेक खांब किल्लीने ठोकला. एका खांबाला चकचकीत नव्या टाइल्स लावलेल्या होत्या आणि तोच पोकळ वाजला. टाइल काढली तर आतलं काँक्रीट हातात आलं. लोखंडाचे नुसते पापुद्रे उरले होते.

सोसायटीची मीटिंग भरली. मॅडमनी आलेख दाखवले, खांबाचे फोटो दाखवले आणि सांगितलं, "तपासणीसाठी अर्ज दिलाय, पण तोवर थांबू नका. घरं रिकामी करा." तिथले सेक्रेटरी हसले. "मॅडम, तुम्हीच म्हणता ना, हलते म्हणून टिकते?" सगळा हॉल हसला. काकू म्हणाल्या, "अगं, एका खांबाला सर्दी झाली म्हणून कोणी घर सोडतं का?" स्वतःच्याच वाक्याने तोंड बंद झालेल्या मॅडम मी पहिल्यांदाच पाहिल्या.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "टेम्पो घेऊन ये. फ्रिज न्यायचाय." लोक घरात असताना, भर दहा वाजता आम्ही तो फ्रिज जिन्यात आणला. "सावकाश," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "पहिल्या मजल्यावर जरा अडकव." का ते न कळताच मी अडकवला. दारं उघडली, माना बाहेर आल्या. आलेखाला कोणी भीक घातली नव्हती, पण फ्रिज बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. मागून कपाट गेलं, पुस्तकांची खोकी गेली. टिटवाळ्याला त्यांनी भाड्याची खोली घेतली होती.

त्या आठवड्यापासून एकेक कुटुंब निघायला लागलं. पण निघताना लोक बोलायचे, "बघा, सगळ्यात आधी हीच पळाली." काकू तर खिडकीतून ओरडून सांगायच्या. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. एवढ्या वर्षांचे शेजारी मागे टाकून बाई आधी आपला जीव घेऊन गेली, याचा मला राग आला होता. मी टिटवाळ्याला फिरकलोसुद्धा नाही.

पुढे तपासणी झाली, इमारत उतरवली गेली. कोणाला साधं खरचटलं नाही. त्यामुळे "काही झालं नसतं" असं म्हणणारे आजही आहेत.

या वर्षी मॅडम गेल्या. त्यांच्या भाचीने मला बोलावून सेन्सर दिला आणि सोबत एक वही. वहीत फ्रिज गेल्यानंतरच्या तारखा होत्या. रोजची नोंद, जागा एकच: 'दुसरा मजला, माझं घर.' सामान टिटवाळ्याला पाठवून ही बाई रोज गुपचूप डोंबिवलीला परत येत होती. रिकाम्या घरात दार लावून, जमिनीवर सेन्सर ठेवून इमारतीवर पहारा देत होती. 'पहिला मजला गेला.' 'चौथा मजला, मुलीची परीक्षा आहे, सोमवारी निघणार. सोमवारपर्यंत टिक गं बाई.' आणि मग पानामागून पान एकच तक्रार: 'वरची अजून हलत नाही. सकाळ-संध्याकाळ काय कुटते देव जाणे.' अखेरची नोंद दोन वाक्यांची होती. 'वरची गेली. आता मी निघते.'

वाचून माझी मलाच लाज वाटली. ती वही घेऊन मी काकूंच्या नव्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून सगळं सावकाश वाचलं. पुन्हा मागे जाऊन एक ओळ शोधली. मग एकदम उसळल्या.

"कुटते? कुटते काय! अरे, भाकऱ्या थापायचे मी! एवढी शिकलेली बाई, हिला थापणं आणि कुटणं यातला फरक कळू नये? थांब, आत्ता विचारते तिला."

त्यांनी मोबाइल उचलला, डोळे पुसत पुसत नंबर शोधला. तो सापडल्यावर त्यांचं बोट थांबलं.