खिडकीजवळचा पलंग

प्रवेशाच्या दिवसांत कोणी विचारलं, काय काम करतेस, तर मी सांगते की मुलांच्या गप्पा ऐकते आणि त्याचा पगार घेते. नोएडातल्या एका खाजगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात मी आहे. आमच्या वेबसाइटवर अर्जदारांसाठी एक फोरम आहे. मुलं तिथे टोपणनावांनी प्रश्न टाकतात आणि आम्ही ऑफिसातली दोनतीन माणसं 'प्रवेश विभाग' या एकाच नावाने उत्तरं देतो. मुलांना वाटतं, आत कोणी एकच दयाळू बाई बसली आहे. मी काही दयाळू नाही. दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पाण्याच्या टँकरपुढे भांडून बादल्या भरत मी मोठी झाले. त्याने आवाज वाढतो, दया नाही.

या कामात एक गोष्ट मात्र हाताला बसली. टोपणनाव मुलाचं असलं तरी लिहिणारं कोण आहे ते मला दोन ओळींत कळतं. 'पॅकेज किती मिळतं' विचारणारा बाप असतो. मेसमध्ये तेल कुठलं वापरता, हे आई विचारते. मुलगी स्वतः असली तर एवढंच विचारते की गेट रात्री किती वाजता बंद होतं, आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावते.

ती अशीच मुलगी होती. तिच्या खात्याला जांभळ्या छत्रीचं चित्र होतं, म्हणून ऑफिसात आम्ही तिला छत्रीवालीच म्हणायचो. वर्ध्याकडच्या एका गावातून तिने शिक्षणशास्त्राच्या चार वर्षांच्या कोर्सला अर्ज केला होता. प्रश्न विचारून विचारून तिने आमचं डोकं खाल्लं. गेट, वायफाय, वीकेंडला सरोजिनी नगरला कपडे घ्यायला जाता येईल का, आणि सगळ्यात शेवटी, खिडकीजवळचा पलंग मिळेल का. मी लिहिलं, आधी प्रवेश तर घे बाई. तिने प्रवेश घेतला. वॉर्डनने तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली आणि रीतीप्रमाणे दारावर तिच्या नावाची चिठ्ठी डकवली.

ती आलीच नाही. प्रवेश मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत हजर व्हावं लागतं, त्याला आम्ही रिपोर्टिंग म्हणतो. मुदत संपली, तिच्या नावापुढे 'गैरहजर' पडलं, आणि जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला गेली. दुसरीकडे बरी सीट मिळाली असेल आणि कळवायचीही तसदी घेतली नाही, म्हणून मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. प्रतीक्षा यादीतली मुलगी नोएडाचीच निघाली, तिला हॉस्टेल नको होतं. त्यामुळे तो पलंग वर्षभर रिकामा राहिला. खोलीतल्या बाकीच्या दोघी त्यावर कपडे टाकायच्या. गंमत म्हणून त्या झोपताना पलंगाला 'गुडनाइट' म्हणतात, असं वॉर्डन सांगायची. तेव्हा मीही हसले होते.

पुढच्या वर्षी फोरम उघडला आणि छत्रीवाली परत आली. नवा अर्ज, गुण तेच. आमच्याकडे बारावीचे गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे नियमात काही चूक नव्हतं. प्रश्न मात्र बदलले होते. हसरे चेहरे गेले होते आणि प्रत्येक वाक्याआधी 'नमस्कार' आला होता. खिडकीला जाळी आहे का? थंडीत गरम पाणी येतं का? रात्री दिवा चालू ठेवला तर वॉर्डन रागावते का? मला दोन ओळींत कळायला हवं होतं, पण कळलं नाही. वाटलं, पोरीला वर्षभरात पोच आली. खोली तीच हवी, असंही तिने लिहिलं. वॉर्डनने परत तिथेच चिठ्ठी डकवली.

परत ती आली नाही. जागा सोडण्याआधी आम्ही एक फोन करतो. मागच्या वर्षी तो कोणी उचलला नव्हता. या वेळी तो मी स्वतः केला, कारण मला भांडायचं होतं. पलीकडून एका बाईचा आवाज आला. मी हिंदीत सुरू केलं, तिचं 'सांगा जी' ऐकून मराठीवर आले आणि म्हटलं, "मुलीला द्या फोन. दोन वर्षं जागा अडवून ठेवते म्हणजे काय?"

"ती नाही जी आता," बाई म्हणाली.

"कुठे गेली?"

"मागच्या वर्षीच गेली मॅडम. दिल्लीला निघायचं होतं, बॅग भरून झाली होती. ताप आला. चार दिवसांत संपलं."

मी उगीचच विचारलं, "मग हा फॉर्म कोणी भरला?"

"मीच भरला. तिच्या फोनवरून. तिचा फोन मी चार्ज करून ठेवते ना." मग ती म्हणाली, "फॉर्म भरला की तुमच्याकडून मेसेज येतो. प्रिय, आणि पुढे तिचं नाव. आता दुसरीकडून कुठूनच तिच्या नावानं काही येत नाही. बँकेचं खातं तर मीच बंद केलं."

फोनच्या सुरुवातीला मी माझं आडनाव सांगितलं होतं. ठेवताना ती 'जय भीम' म्हणाली, मीही म्हटलं. त्या दुपारी मी हॉस्टेलवर जाऊन दारावरची चिठ्ठी स्वतः काढली. टेप निघाली, तिच्या कडांचा चौकोन लाकडावर तसाच राहिला. आतून मुलीने विचारलं, "मॅम, वो आज भी नहीं आएगी क्या?" मला तिथे उभं राहवेना. त्या वर्षी मी बऱ्याचदा मान वर करून आमच्या ऑफिसच्या दाराकडे बघायचे, कोणी बॅग घेऊन आलं आहे की काय म्हणून. मी भित्री नाही, पण बघायचे.

तिसऱ्या वर्षी जांभळी छत्री परत दिसली. गुणांचं हे शेवटचं वर्ष होतं. अर्ज बघून मी ऑफिसात कोणाला काही सांगितलं नाही. यादी लागली आणि शेवटच्या जागेवर तिचं नाव आलं. प्रतीक्षा यादीत पहिली होती उत्तर प्रदेशातल्या खुर्जाकडची एक मुलगी. ती फोरमवर रोज लिहायची, "दीदी, एक सीट खाली होगी क्या?" मग एका दुपारी तिने सगळंच लिहून टाकलं. शुक्रवारी वडील तिला गावातल्या कॉलेजात घालणार होते. एकदा तिथे नाव लागलं की घरातून बाहेर पडणं संपलं. आमची रिपोर्टिंगची मुदत सोमवारची होती, म्हणजे जागा तिला मिळायची ती मंगळवारी.

मी साहेबांना सांगितलं असतं तर पाच मिनिटांत जागा मोकळी झाली असती. पण साहेब नवे होते आणि कायद्याचे भारी पक्के. त्यांनी अर्ज 'खोटी माहिती' म्हणून रद्द केला असता, आणि ते पत्र त्याच फोनवर गेलं असतं, प्रिय अमुक, असं लिहून. ते माझ्याने होईना. आणि खुर्जाच्या पोरीचे मेसेजही वाचवेनात. एका उमेदवाराला दुसऱ्यासाठी जागा सोड म्हणायला आम्हाला सक्त मनाई आहे. तरी गुरुवारी सकाळी मी जिन्यात उभी राहून वर्ध्याला फोन लावलाच.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मॅडम, पाहिली जी मी यादी! नाव आलं तिचं!"

तो आनंद खरा होता. मी म्हटलं, "हो. अभिनंदन," आणि फोन ठेवला. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल. जेवणाच्या सुट्टीत डबाही उघडला नाही.

सुट्टी संपवून फोरम उघडला, तर खुर्जाच्या मुलीच्या मेसेजखाली जांभळी छत्री दिसली. मी तिचे सगळे प्रश्न दोन वर्षं वाचले होते, पण ती दुसऱ्या कोणाशी कधी बोलली नव्हती. लिहिलं होतं:

"बेटा, तू आ जा. मेरी लड़की नहीं आने वाली. खिड़की के पास का पलंग ले. जाली पक्की है, ठंड में गरम पानी आता है, बत्ती के लिए वॉर्डन गुस्सा नहीं करती. मैंने सब पूछ लिया है."

थोड्याच वेळात तिच्या फोनवरून प्रवेश रद्द करण्याची विनंती आली, ओटीपीसकट. सगळं नियमात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, मग येऊन खुर्जाला जागा दिली.

ती मुलगी लोखंडी ट्रंक आणि फुगलेल्या तोंडाचे वडील घेऊन आली. कागद तपासताना तिने मला विचारलं, "उन आंटी की बेटी को कहीं और अच्छा कॉलेज मिला क्या?" वडील शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "तुम अपना फोटो चिपकाओ पहले." ती त्या पलंगावर झोपते. तिला कोणी काही सांगितलेलं नाही, पण वॉर्डन म्हणते, रात्री दिवा चालू ठेवूनच झोपते पोरगी.

या वर्षी फोरम उघडला तेव्हा मी सगळ्यात आधी छत्री शोधली. नव्हतीच, कारण ते गुण आता चालत नाहीत. आमच्या सिस्टिमने सगळ्या अर्जदारांना मेसेज पाठवले, तिला सोडून. दुपारी मी माझ्या फोनवरून तिच्या नंबरवर लिहायला घेतलं. 'प्रिय' लिहिलं, पुढे तिचं नाव लिहिलं. त्यापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून तेवढंच पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं.

"मिळालं मॅडम. तिला वाचून दाखवलं."