चाखलं हाय, वाढा

पळीतलं थोडं तळहातावर घ्यायचं, भुरका मारायचा, जीभ टाळ्याला लावून टक्क वाजवायची आणि मग म्हणायचं, "चाखलं हाय. वाढा." त्याशिवाय मावशींच्या खानावळीत एकही ताट पुढे सरकत नसे. बीडला क्लाससाठी आलेली खेड्यापाड्यांतली पोरं डबा नेत नाहीतर तिथंच जेवत. माझं झेरॉक्सचं दुकान समोरच, म्हणून दुपारी मीही. कुणी मीठ मागितलं की मावशी म्हणायच्या, "मीठ बरोबर हाय. तुजीच जीब घरी राहिली."

एका वर्षी महालक्ष्म्यांना काही पोरं गावी जाऊ शकली नाहीत. त्यांच्यासाठी मावशींनी सणाचा स्वयंपाक केला. नैवेद्याचा म्हणून माळ्यावरचं पितळी पातेलं काढलं. त्याची कल्हई कधीच उडाली होती, आंबट कढी त्यात कळकली. आणि नैवेद्याचं आधी चाखत नाहीत, म्हणून तेवढ्या दिवशी मावशींनी चाखलं नाही. संध्याकाळपर्यंत पोरं ओकून बेजार. दोघांना सलाईन लावावं लागलं.

पोरं बरी झाली. मी म्हणालो, "मावशी, आता गप बसा. दूध खराब निघालं म्हणा, विसरतील लोक."

"कावून? पातेलं माजं, हात माजा."

साड्यांच्या सेलची जाहिरात करणारी भोंग्याची रिक्षा त्यांनी बोलावली आणि स्वतः आत बसल्या. माइक पळीसारखा धरला होता. "पोरांनो, कढी कळकली व्हती. मी चाखली न्हाई. चूक माजी हाय. माफ करा." प्रत्येक चौकात हेच.

लोकांनी व्हिडिओ काढले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं. "बाई लई खरी," असं जो तो म्हणू लागला आणि डबा दुसरीकडे लावू लागला. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. मला अजून त्यांचा राग येतो.

नेकनूरचे एक गृहस्थ तर मावशींच्या पाया पडले. "तुमच्यासारखं माणूस न्हाई, मावशी. पण पोराची परीक्षा हाय."

"बरोबर हाय, दादा," मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या पोराचा डबा घासून परत दिला.

पुढे त्या चाखायच्या ते रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "चाखलं हाय! वाढा!" वाढायला त्याच आणि जेवायला बहुतेक वेळा मी एकटा. शेवटी कुलूप लावून त्या अंबाजोगाईला लेकीकडे गेल्या. वर्षभरात तिथंच वारल्या.

तेराव्याला आमची गल्ली गेली, जुनी पोरं आली, नेकनूरचे गृहस्थही आले. तेराव्याच्या जेवणात कढी असतेच. लेक वाढत गेली, द्रोण भरत गेले, पण भात कालवायला कुणाचा हात पुढे होईना. सगळे एकमेकांकडे बघत होते.

लेक पंगतीच्या मधोमध थांबली. पळीतली कढी तिनं तळहातावर घेतली आणि भुरका मारला.

"चाखलं हाय," ती म्हणाली. "जेवा आता."